४.०८ की ३.९: डिफरेन्शियल उघडण्याआधी आणि उघडल्यावर

डॉक्टर, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे आणखी कुणी वाचत असेल तर त्याला संदर्भ लागेल. मुंबईहून सेकंडहँड घेतलेली निसान ३७०झेड, सहा गिअरची मॅन्युअल, मागे २७५/३५ आर १९ टायर. ताशी ७५-८० ला ॲक्सिलरेटर दाबला की मागून शिट्टीसारखा बारीक आवाज येतो, पाय उचलला की गायब. वर्षभरापूर्वी एका गॅरेजमध्ये डिफरेन्शियलच्या, म्हणजे इंजिनची ओढ मागच्या दोन चाकांना वाटून देणाऱ्या गिअरच्या डब्याच्या, पिनियनचं ऑइल सील बदलून घेतलं होतं. आता डिफरेन्शियल उघडायचंच आहे, तर ३.६९२ ऐवजी ४.०८३ रेशोची क्राउन-पिनियन (डब्यातली मोठ्या-छोट्या गिअरची जोडी) टाकून गाडी ‘चपळ’ करून घ्यावी का? आणि हे काम इंदुरात होईल, की गाडी पुण्या-मुंबईला पाठवावी?

इंदुरात होईल. पण ४.०८३ टाकू नका, ३.९१७ टाका. आणि हेही सांगून ठेवतो, की जोडी कुठलीही आणलीत तरी ती बसवताना डायल गेज (केसाएवढी हालचाल मोजणारं घड्याळ) बाहेर न काढणाऱ्या माणसाच्या हातात गाडी दिलीत, तर आज आहे त्याहून मोठी शिट्टी ऐकाल. सांवेर रोडला स्वतःची शेड टाकण्याआधी मी अकरा वर्षं पीथमपूरला मागच्या ॲक्सलच्या असेंब्लीवर काढली. तिथे दिवसाला शेकड्याने डिफ हाताखालून जायचे. बाहेर आल्यावर कळलं, की कारखान्यात जे काम चार फिक्स्चर आणि एक प्रेस मिळून करतात, ते गॅरेजात धीराने करावं लागतं.

आधी गणित करू, कारण ‘४.०८ लावली की गाडी पळते’ हे अर्धंच खरं आहे.

पिनियन हा इंजिनकडून फिरणारा छोटा गिअर, क्राउन हा त्याने फिरवलेला मोठा. क्राउनचे दात भागिले पिनियनचे दात म्हणजे रेशो. ३.६९२ मध्ये क्राउनला ४८ आणि पिनियनला १३. ३.९१७ मध्ये ४७ आणि १२. ४.०८३ मध्ये ४९ आणि १२. मूळ जोडीच्या तुलनेत त्याच गिअरमध्ये चाकावर येणारी ओढ ३.९१७ ने सहा टक्के वाढते, ४.०८३ ने साडेदहा टक्के. इंजिनची ताकद तेवढीच राहते, फक्त ती खर्च कशी करायची ते बदलतं.

तुमच्या टायरचा व्यास ६७५ मिमी, म्हणजे घेर साधारण २.१२ मीटर. गिअरबॉक्सचा दुसरा गिअर २.३२४ आणि तिसरा १.६२४. इंजिन ७,५०० फेऱ्यांपर्यंत ओढलं तर मूळ जोडीवर दुसऱ्या गिअरमध्ये ताशी १११ किलोमीटर मिळतात. ३.९१७ वर १०५. ४.०८३ वर कागदावर शंभर आणि वर अर्धा. कागदावर म्हणायचं कारण असं, की गाडीच्या वजनाने टायर दबतो आणि प्रत्यक्ष घेर दोन-तीन टक्क्यांनी कमी भरतो. म्हणजे ४.०८३ वर दुसरा गिअर ९८ च्या आसपास संपला. शून्य ते शंभरसाठी तुम्हाला आता एक गिअर जास्त टाकायचा आहे, आणि मॅन्युअल गाडीत गिअर टाकण्यात जो वेळ जातो, तो साडेदहा टक्क्यांतला बराचसा फायदा खाऊन टाकतो.

याहून गमतीची गोष्ट शंभर ते एकशेदहाच्या पट्ट्यात आहे. तिथे मूळ गाडी अजून दुसऱ्या गिअरमध्ये असते, एकूण रेशो ८.५८. तुमची ४.०८३ ची गाडी तोवर तिसऱ्यात गेलेली, एकूण रेशो ६.६३. त्या पट्ट्यात चाकावरची ओढ मूळ गाडीपेक्षा २३ टक्के कमी! दर गिअरच्या शेवटी असा एक पट्टा येतोच, ३.९१७ लाही येतो. पण तिथे तो अरुंद असतो आणि शंभरच्या पुढे सरकलेला असतो, त्यामुळे रोजच्या चालवण्यात जाणवत नाही.

पहिला गिअर या गाडीचा मुळातच आखूड आहे. गीता भवनपासून पलासियापर्यंत संध्याकाळी सातला या गाडीत बसून पाहा, म्हणजे तो आणखी आखूड करावासा वाटणार नाही. हायवेचं म्हणाल तर सहाव्यात ताशी शंभरला आज इंजिन २,३०० च्या आसपास फिरतं. ३.९१७ वर ते २,४५० होईल, ४.०८३ वर २,५५०. हा फरक सोसण्यासारखा आहे. गिअरबॉक्सपासून डिफपर्यंत जाणारा लांब दांडा, म्हणजे प्रोपेलर शाफ्ट, मात्र त्याच वेगाला जास्त फिरणार. शंभरला मूळ २,९००, ४.०८३ वर ३,२००. शाफ्टचं बॅलन्सिंग किंवा जॉइंट आधीच थकलेला असेल तर कंपन आता कमी वेगालाच सुरू होईल, आणि दोष नव्या जोडीला दिला जाईल. डिफ खाली उतरलेला असतानाच शाफ्टचे जॉइंट हाताने फिरवून पाहून घ्या.

खंडवा रोडवरच्या भेरूघाटात मात्र आखूड रेशोची मजा आहे. चढावर तिसऱ्या गिअरमध्ये वळणातून बाहेर पडताना आज गाडी क्षणभर विचार करते, तिथे ३.९१७ ने तो विचार संपतो. उतारावर इंजिनचा ब्रेकही जास्त लागतो. तुम्ही रविवारी पहाटे खंडवा रोडला जाता असं लिहिलंय, म्हणून ३.९१७. रोज मुंबई गाठायची असती तर मी म्हटलं असतं, आहे तीच जोडी नीट बसवा आणि पैसे वाचवा. ट्रॅकवर जाणारा, सोबत टायरचे दोन सेट बाळगणारा माणूस ४.०८३ घेतो, त्याचं गणित वेगळं.

आता आवाजाकडे. तुमचं वर्णन वाचल्यावर पिनियनवरच बोट जातं. ओढीवर पिनियन क्राउनपासून दूर ढकललं जातं, पाय उचलला की आत खेचलं जातं. त्याच्या दोन टेपर रोलर बेअरिंगांवर योग्य ताण असेल तर ते दोन्ही वेळा जागचं हलत नाही. ताण गेला की ते केसाएवढं पुढे-मागे सरकतं आणि दाताला दात चुकीच्या जागी लागतो. ओढीवर शिट्टी आणि सोडल्यावर शांतता, हे त्याचंच लक्षण. बेअरिंग फुटलं असेल तर आवाज जाड, घरघरीचा येतो आणि पाय दाबण्या-सोडण्याने फारसा बदलत नाही. टायरचा आवाज डांबरावरून सिमेंटच्या रस्त्यावर गेलात की लगेच बदलतो. अशा जागी एकदा कान देऊन बघा, एवढी खात्री तुम्ही घरबसल्या करू शकता.

मग ताण गेला कसा? सील बदलताना. पिनियनच्या दोन बेअरिंगांमध्ये एक पातळ पोलादी नळी असते. कुणी क्रश स्लीव्ह म्हणतं, कुणी नुसतंच स्पेसर. पुढचा नट आवळला की ती नळी चेपते, आणि ती किती चेपली यावर बेअरिंगांचा ताण ठरतो. सील बदलायला तो नट काढावाच लागतो. काढण्याआधी फ्लँज (पिनियनच्या टोकाची, शाफ्ट जोडायची चकती) फिरवायला किती जोर लागतो ते मोजून ठेवायचं, नट आणि दांड्याच्या आट्यांवर खूण करायची, आणि परत त्याच खुणेवर, फार तर केसभर पुढे आणायचं. हे न करता एअर गनने ‘टर्रर्र’ केलं, की दोनपैकी एक होतं. नळी गरजेपेक्षा जास्त चेपते आणि बेअरिंग तापून मरतं, किंवा नट कमी बसतो आणि पिनियन डुलतं. तुमच्या बाबतीत यातलं काय झालं ते उघडल्यावर बेअरिंगच्या रंगावरून कळेल. निळसर डाग असतील तर पहिलं.

गॅरेजवाल्याला शिव्या देण्याआधी माझी गोष्ट ऐका. शेड टाकून दोनच वर्षं झाली होती. एका गिऱ्हाइकाच्या जीपचं काम होतं. संध्याकाळची वेळ, पोरगा घरी गेलेला, मी एकटाच. नट आवळताना लांब पाइप लावून जरा जास्तच फिरला आणि फ्लँज जड झाला. दुसरी स्लीव्ह हाताशी नव्हती. मी नट पाव फेरा मागे घेतला, फ्लँज मोकळा फिरला, गाडी दिली. स्लीव्ह ही स्प्रिंग नव्हे, एकदा चेपली की ती परत फुगत नाही, हे मला माहीत होतं. कारखान्यात नव्या मुलांना मीच शिकवायचो! तरी केलं. तीन आठवड्यांनी ती जीप महू रोडवरून दोरीने ओढून आणली. पिनियनचं डोकं क्राउनमध्ये घुसून चार दात गेले होते. पूर्ण जोडी, चारही बेअरिंगं आणि मजुरी माझ्या खिशातून गेली. तेव्हापासून ड्रॉवरमध्ये प्रत्येक कामाला तीन स्लीव्ह असल्याशिवाय मी नट हातात घेत नाही. तुमच्या गाडीच्या मागवाल तेव्हा तीनच मागवा. मोठ्या खर्चात तेवढा खर्च दिसतही नाही.

जोडी मागवताना काय बघायचं ते सांगतो. क्राउन आणि पिनियन ही जोडी असते, नवरा-बायकोसारखी नाही, त्याहून कडक. दोन्ही एकमेकांवर घासून लॅप केलेली असतात आणि दोघांवर एकच जुळणी क्रमांक कोरलेला असतो. क्रमांक जुळला नाही तर कितीही स्वस्त असू दे, परत पाठवा. दातांची संख्या मुद्दाम अशी निवडतात की ४७ आणि १२, ४९ आणि १२ यांना एकाखेरीज सामायिक भाजक नसतो, त्यामुळे पिनियनचा प्रत्येक दात क्राउनच्या प्रत्येक दाताला भेटतो आणि झीज सगळीकडे सारखी वाटली जाते. म्हणूनच कुणाच्या भंगारातला क्राउन आणि दुसऱ्याचं पिनियन लावायचा जुगाड इथे चालत नाही. क्राउनच्या बोल्टची संख्या, व्यास आणि पिचसर्कल (बोल्ट ज्या वर्तुळावर बसतात त्याचं माप) आपल्या जुन्या क्राउनशी कॅलिपर लावून ताडून घ्या. एकाच घराण्याच्या डिफमध्येही बोल्टचं माप बदलतं, आणि ते पार्सल उघडल्यावर कळून उपयोग नाही.

आणि हो, मागवण्याआधी आज तुमच्या गाडीत खरंच ३.६९२ आहे याची खात्री करा. ऑटोमॅटिकवाल्या ३७०झेडला ३.३५७ चा रेशोही येतो. सेकंडहँड गाडीत मधल्या मालकाने काय बदललं, देव जाणे. मागची दोन्ही चाकं उचला, गिअर न्यूट्रलला, शाफ्टच्या फ्लँजवर आणि टायरवर खडूची खूण करा. दोन्ही चाकं एकाच दिशेने बरोबर दहा फेरे फिरवा आणि फ्लँजचे फेरे मोजा. सदतीसला थोडे कमी भरले तर ३.६९२, साडेतेहतीस भरले तर ३.३५७. दोन माणसं आणि दहा मिनिटं लागतात.

उघडायचंच आहे तर लिमिटेड स्लिपचाही, म्हणजे एक चाक घसरू लागलं की दुसऱ्याला ओढ देणाऱ्या एलएसडीचाही विचार करा. कंपनीचं व्हिस्कस असतं, आत सिलिकॉनच्या द्रवात बुडालेल्या चकत्या. ते सीलबंद येतं, दुरुस्त होत नाही, आणि वय झालं की ढिलं पडतं. क्लचप्लेटवालं यांत्रिक एलएसडी पकड जबरदस्त देतं, पण छप्पन दुकानच्या गल्लीत गाडी वळवताना मागून कडकड ऐकू येईल आणि लोक वळून बघतील. तुमच्यासाठी हेलिकल गिअरवालं चांगलं. आवाज नाही, प्लेट झिजणं नाही. एक चाक हवेत उचललं गेलं तर ते निरुपयोगी होतं, पण तुम्ही काही रॅली करत नाही. आत्ता घेतलंत तर मजुरी एकदाच लागेल. वर्षाने घेतलंत तर हे सगळं सेटिंग पुन्हा.

काढण्याबद्दल फार लिहीत नाही. एक्झॉस्ट, प्रोपेलर शाफ्ट, डिफपासून चाकांकडे जाणारे दोन्ही हाफ शाफ्ट, मग सबफ्रेमवरचे बोल्ट. शाफ्ट आणि फ्लँज यांच्यावर जुळणीची खूण करा. डिफ एकट्याने छातीवर घ्यायची वस्तू नाही, गिअरबॉक्सचा जॅक लावा. उघडल्यावर बेअरिंगच्या कॅपवर डावी-उजवी पंच करा. त्या हाउसिंगबरोबर एकत्र बोअर केलेल्या असतात, अदलाबदल झाली तर गोलाई जाते. जुनी शिम (क्राउनच्या दोन्ही बाजूंना अंतर जुळवायला घालतात ती पातळ पत्र्याची चकती) कुठल्या बाजूची कुठली, ते तारेने बांधून चिठ्ठी लावून ठेवा. ही शिम भंगारात टाकणारा माणूस आपलं अर्धं काम स्वतःच वाढवून घेतो.

इथून खरं काम सुरू होतं. पिनियन किती आत बसवायचं, त्याचा ताण किती, क्राउन-पिनियनमधला प्ले किती, आणि दातावर दात कुठे लागतो. पहिल्या तीन गोष्टी मोजायच्या आणि चौथीला विचारायचं की पहिल्या तीन बरोबर आहेत का.

पिनियनची खोली त्याच्या डोक्यामागच्या बेअरिंगखालच्या वॉशरने ठरते. पिनियनच्या डोक्यावर अधिक किंवा उणे असा एक छोटा आकडा कोरलेला असतो, तो शतांश मिलिमीटरमधला फरक. निसानची पद्धत अशी: जुन्या पिनियनच्या आकड्यातून नव्याचा वजा करा, ०.०१ ने गुणा आणि जुन्या वॉशरच्या जाडीत मिळवा. समजा जुना वॉशर ३.१८ मिमी, जुन्यावर +१, नव्यावर −२. एक वजा उणे दोन म्हणजे तीन, म्हणून नवा वॉशर ३.२१. इथे चिन्हाची चूक फार होते, मुलं तीनऐवजी उणे एक काढतात. आणि दुसऱ्या कंपनीच्या जोडीवर चिन्हांचा अर्थ उलटाही असू शकतो, म्हणून बरोबर आलेला कागद वाचा. हा आकडा फक्त सुरुवातीचा. त्यावर ठाम विश्वास ठेवून नवीन बेअरिंग प्रेसने बसवू नका.

त्यासाठी एक युक्ती आहे. जुन्या बेअरिंगची आतली रेस फ्लॅप व्हीलने किंचित मोठी करा, इतकी की ती पिनियनवर हाताने सरकेल. हे झालं सेटिंगचं बेअरिंग. वॉशर बदलून चारपाच वेळा जोडणी-उघडणी करायची असते, आणि दर वेळी प्रेस आणि पुलर लावला तर नवं बेअरिंग बसण्याआधीच बाद होईल. जुनं बेअरिंग खराब झालेलं असलं तरी अंतर ठरवायला चालतं, फक्त त्याची जाडी नव्याशी ताडून बघा. सगळं जुळलं की शेवटी नवीन बेअरिंग शंभर-एकशेदहा अंशांना तापवून बसवायचं. ज्योतीने तापवणारा दिसला तर गाडी परत घेऊन या. बेअरिंग घेताना सियागंजात भाव काढायला हरकत नाही, पण डबा नव्हे, बेअरिंगवरची कोरणी बघून घ्या. खोट्याची छपाई डब्यावर सुंदर असते.

क्राउन केसवर बसवताना तोही थोडा तापवून सोडायचा, तो स्वतः खाली बसतो. बोल्टने ओढून बसवला की तिरपा बसतो. बोल्ट नवे, लॉकिंगचं द्रव लावून, समोरासमोर आवळत जायचे, टॉर्क रेंचने. मग पाठीमागे डायल लावून क्राउन पूर्ण फिरवा. डोलणं ०.०५ मिमीच्या आत हवं. जास्त आलं तर बहुतेक वेळा बसणाऱ्या जागी बर (धातूची बारीक उचललेली कड) असतो, सोन्याच्या दुकानातल्यासारखा बारीक दगड फिरवला की जातो.

ताण मोजायला माझे उस्ताद स्प्रिंगचा काटा वापरायचे, भाजीवाल्याकडे असायचा तसा. फ्लँजभोवती दोरी गुंडाळायची, काट्याने ओढायची, आणि फिरत असताना काटा किती दाखवतो ते वाचायचं. नवीन बेअरिंगला फिरण्याचा टॉर्क १.८ न्यूटन-मीटर हवा असेल आणि दोरी मध्यापासून ५० मिमीवर असेल, तर काटा साडेतीन किलोच्या थोडं वर दाखवेल. सुटताना लागणारा झटका मोजायचा नाही, सतत फिरतानाचा जोर मोजायचा. जुनी बेअरिंगं परत वापरली तर साधारण निम्मा ताण, पण तुम्ही नवीच टाकणार आहात. नेमका आकडा तुमच्या गाडीच्या मॅन्युअलचा धरा, माझा नको. हल्ली माझ्याकडे घड्याळवाला टॉर्क रेंच आहे, तरी कधीकधी काट्याने ताडून बघतो. अजून चूक सापडलेली नाही.

नट आवळताना फ्लँज धरायला लांब पट्टी बोल्टने बांधा आणि तिचं टोक जमिनीला टेकवा. स्लीव्ह चेपायला सुरुवात होईपर्यंत अंगातला जीव जातो, आणि एकदा चेपायला लागली की सगळं भराभर होतं. म्हणून सुरुवातीनंतर नट घड्याळातल्या एका मिनिटाएवढा फिरवायचा, फ्लँज चार-पाच फेरे फिरवून रोलर बसू द्यायचे, मोजायचं, पुन्हा एक मिनिट. गाडी घाईने न्यायला गिऱ्हाईक दारात उभं असेल तर ही पायरी करू नका, चहाला पाठवा त्याला.

प्ले म्हणजे पिनियन घट्ट धरून क्राउन पुढे-मागे केला तर दात किती हलतो ते. डायलचं टोक क्राउनच्या दाताच्या बाहेरच्या कडेवर, दाताला काटकोनात. ०.१० ते ०.१५ मिमी हवं. एका जागी नाही, क्राउनच्या निदान चार जागी. चारही आकड्यांत ०.०५ पेक्षा जास्त फरक पडला तर क्राउन तिरपा आहे, शिम बदलून काही होणार नाही. प्ले बदलायचा तर एका बाजूची शिम जेवढी कमी कराल तेवढीच दुसरीकडे वाढवायची, म्हणजे बाजूच्या बेअरिंगांचा एकूण ताण बदलत नाही.

आता दात कुठे लागतो ते. बाजारात पिवळं मार्किंग कंपाउंड मिळतं, ते उत्तम. आम्ही वर्षानुवर्षं शेंदूर तेलात कालवून वापरला, तोच मारुतीला लावतात तो. काम तितकंच चांगलं होतं, पण तो शिशाचा ऑक्साइड आहे, हातमोजे घाला आणि त्याच हातांनी पोहे खाऊ नका. क्राउनच्या सलग सात-आठ दातांवर पातळ लावा. क्राउनला हाताने किंवा लाकडाच्या पट्टीने दाबून विरोध द्या आणि पिनियन दोन्ही दिशांनी फिरवा. विरोध नसेल तर डाग खोटा उमटतो, आणि इथेच बरेच जण फसतात.

डाग वाचायचा असा. दाताची बाहेरची, रुंद बाजू म्हणजे हील, टाच. आतली, अरुंद बाजू म्हणजे टो, अंगठा. डाग दाताच्या मुळाशी खोल उतरला असेल तर पिनियन जास्त आत आहे, वॉशर पातळ करा. दाताच्या माथ्यावर चढला असेल तर पिनियन बाहेर आहे, वॉशर जाड करा. डाग उंचीला बरोबर पण टाचेकडे सरकला असेल तर क्राउन दूर आहे, जवळ आणा. अंगठ्याकडे फार गेला तर दूर न्या. उंची वॉशर ठरवतो आणि लांबी शिम, पण एक हलवला की दुसरा थोडा हलतोच, म्हणून एका वेळी एकच बदल करा आणि दर वेळी प्ले पुन्हा मोजा. मला हवा तो डाग उंचीला मधोमध असतो आणि लांबीला मध्यापासून किंचित अंगठ्याकडे. किंचितच. कारण हाताने फिरवताना भार नसतो. गाडीने पूर्ण ओढ घेतली की सगळं थोडं वाकतं आणि डाग टाचेकडे सरकतो. आज अगदी मधोमध दिसणारा डाग चढावर पूर्ण दाबल्यावर टाचेच्या कडेवर जाऊन बसतो, आणि कडेवरचा भार म्हणजे तुकडा उडणं. ओढीच्या आणि सोडण्याच्या अशा दोन्ही बाजू बघा. दोन्ही एकदम सुंदर येत नसतील तर ओढीची बाजू जिंकली पाहिजे.

माझा नियम असा आहे की डागाचा फोटो काढून गिऱ्हाइकाला दाखवल्याशिवाय मी झाकण लावत नाही. तुम्हीही कुणाकडे काम द्याल त्याच्याकडून तो फोटो मागा. जो म्हणेल ‘साहेब, कानाला कळतं हो’, त्याला नमस्कार करून पुढे चला. तुम्ही तरी एक्स-रे न बघता प्लास्टर घालता का?

तेल हायपॉइडचं, जीएल-५, ७५डब्ल्यू-९०. हायपॉइडमध्ये पिनियन क्राउनच्या मध्याच्या खाली असतं, त्यामुळे दात नुसते लोळत नाहीत, घसरतातही. त्या घसरण्याला गंधक-फॉस्फरसवालं तेलच तग धरतं. हेच तेल गिअरबॉक्समध्ये मात्र मॅन्युअल सांगत नसेल तर टाकू नका, आतल्या पितळी रिंगा खातं. हेलिकल एलएसडीला फ्रिक्शन मॉडिफायर (क्लचप्लेटच्या एलएसडीसाठी तेलात मिसळायचं द्रव) लागत नाही. भरण्याच्या भोकाच्या कडेपर्यंत, गाडी सपाट उभी असताना.

आणि मग रोडवर. पहिली फेरी पहाटेची घ्या, मे महिन्यात दुपारी एकला नव्हे. वीस मिनिटं हळू चालवा, ताशी ऐंशीच्या आत, मग थांबून डिफला हात लावता येईल इतकं गार होऊ द्या. नवी जोडी पहिल्यांदा खूप तापते. असं तीन-चार वेळा. बायपासवर एकच वेग तासभर धरू नका, चढउतार देत राहा. आठशे किलोमीटरपर्यंत पूर्ण दाबायचं नाही, भेरूघाटातही नाही. स्पीडोमीटरची काळजी सोडा, या गाडीत वेग चाकांच्या सेन्सरवरून घेतला जातो, त्यामुळे रेशो बदलला तरी काटा खोटं बोलणार नाही.

आठशे झाले की तेल बदला, अगदी स्वच्छ दिसलं तरी. ड्रेन प्लगच्या चुंबकावर करड्या रंगाचा, टूथपेस्टसारखा लगदा असेल तर तो नव्या दातांचा आहे, पुसून प्लग परत लावा. बोटात टोचेल असं काही लागलं, तर गाडी चालवत नका आणू, फोन करा, मी ट्रेलर पाठवतो.